ने-आण

ने म्हणजे हो.
आन म्हणजे नाही.
रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
पहिल्या संध्याकाळी हे ऐकलं आणि हसूच आलं.
तीस वर्षं मंजुसरला स्टोअरकीपर आहे मी,
ने-आण हाच धंदा.
आता न्यायचं ते हो आणि आणायचं ते नाही,
वहीत लिहून घेतलं.

वर्गात अकरा मुली आणि मी.
बाई मिझोरामच्या, रिनपुई,
माझ्या थोरलीपेक्षा दोन वर्षांनी लहान.
मला शिर्के-काका म्हणतात, आणि चुकलं की
चूक फळ्यावरनं इतक्या हळू पुसतात
की खडूलाही कळू नये.

धडा सातवा. नम्र नकार.
आधी क्रियापद येऊ द्यायचं,
मग मध्ये एक 'जी',
नकारानं दाराबाहेर चपला काढल्यासारखा,
मग नकार, तोही शेवटी, खाली बघत.
ओ-जी आनायो: येत नाही.
ओ-जी मोतेयो: यायचंय, पण येववत नाही.

मुलींना हा फरक अडला.
बाईंनी हिंदीत सांगून पाहिलं,
पुढच्या बाकावरच्या ध्वनीनं गुजरातीत.
मला नाही अडला.
आईला शेवटचे वीस दिवस जेववत नव्हतं,
आणि मी डॉक्टरांना सांगत होतो, जेवत नाही हो ती,
ऐकत नाही.
ती पलंगावरून बघत होती माझ्याकडे.
एका अक्षराची चूक.
सातव्या धड्यात सापडली.

घरी रात्री सराव.
शालन वाल सोलता सोलता विचारते,
तुमच्या त्या लोकांत 'नको' कसं म्हणतात?
बाईंना विचारलं. त्यांनी बराच शोध घेतला,
चार शब्दांचं एक वाक्य निघालं.
शालन म्हणाली, एवढं बोलेपर्यंत
वाढपी जिलबी टाकून पुढे गेलेला असेल.

गा-जी मासेयो: जाऊ नका.
यातला 'मा' ओळखीचा निघाला.
शेजारच्या कोकिलाबेन नातवावर दिवसभर ओरडतात,
जईश मा, अडीश मा.

मग तो मंगळवार.
नाम-साहेब स्वतः काउंटरवर आले.
बेअरिंग, बासष्ट-शून्य-पाच.
खण रिकामा.
शब्द पाठ होता: ओप्सुम्निदा.
ओठापर्यंत आला आणि तिथेच बसला.
तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं,
फुटलेली बांगडीही वाढलेलीच;
वास्तू ऐकत असते, तथास्तु म्हणते.
आणि तीस वर्षं मी ज्या पत्र्याखाली बसलो
ती काय वास्तू नव्हे?
म्हणालो, नुरोस्सुम्निदा.
वाढलं.
साहेब खूश. किती?
म्हणालो, शून्य.

मग मोडक्या कोरियनमध्ये सगळं समजावलं,
तांदूळ, बांगडी, कान असलेलं घर.
ते गप्प राहिले जरा वेळ.
फोन काढला, आपल्या इमारतीच्या लिफ्टचा फोटो दाखवला:
एक, दोन, तीन, मग इंग्रजी एफ, मग पाच.
चार म्हणजे मरण, म्हणाले,
उच्चार तोच.
मी मान हलवली.
बेअरिंग राजकोटहून आलं, गुरुवारी.

फेब्रुवारीत त्यांची बदली झाली.
गेटवर गाडी उभी, सिक्युरिटीवाला हार घेऊन.
माझ्याकडे वाक्य तयार होतं,
'जी'सकट, आदरार्थी, निर्दोष.
हात हातात घेत तेच आधी बोलले,
येतो.
कुणी शिकवलं कोण जाणे.
माझ्या तोंडून निघालं: ने.

बिन-कार्डावर अजून आहे, माझ्याच अक्षरात,
६२०५ : वाढले.
ऑडिटरनं लाल गोल केलाय त्याला.
खुलासा हवाय, सोमवारपर्यंत, लेखी.
कागद पुढे ओढलाय. पेनात शाई आहे.
लिहवत नाही.