चारशे बारा डॉलर

सनीसाइडच्या या इमारतीत मी खाली वन-बीत,
माझ्या डोक्यावर टू-बीत मिसेस टॉपालियन.
भाडं चारशे बारा डॉलर.
त्यांच्या डोक्यावर थ्री-बीत दोन पोरं,
तेवढ्याच खोल्या, तसाच गळका नळ, दोन हजार नऊशे.
टू-एला दोन वर्षं कुलूप.
दुरुस्तीला ऐंशी हजार, कायद्याचं भाडं सातशे.
शहरात माणसांना घर मिळत नाही म्हणतात.
माझ्याकडे घर आहे, त्यात एक मेलेला उंदीर.

भाड्याचं घर, खाली कर
असं म्हणायची इथे सोय नाही.

गिरगावात आम्ही अठरा रुपये भरायचो.
मालक पाठारे जिन्याची फळी बदलत नव्हते,
बाबा भाडं कोर्टात नेऊन भरायचे
आणि घरी येऊन चहा मागायचे, जिंकल्यासारखा.
पाठाऱ्यांच्या चपला झिजलेल्या होत्या
हे मला परवा आठवलं,
बॉयलरवाल्याने अडतीस हजारांचा कागद हातात दिला तेव्हा.

निहार म्हणाला, "साठ हजार द्या त्यांना, जाऊ देत."
त्याच्या लॅपटॉपवर त्या म्हणजे एक लाल चौकोन.
पाकीट कोटात घालून वर गेलो.
त्यांनी आधी गार पडलेला रेडिएटर दाखवला,
मग पाकिटाकडे न बघता म्हणाल्या,
"सदुसष्ट सालापासून आहे मी. तुम्ही चौथे मालक.
तिघांना पोचवलंय."
मी हसलो. पान्याने व्हॉल्व्ह सैल केला,
त्यांनी खाली कप धरला.
काळं पाणी थुंकत राहिलं ते धूड
आणि पाकीट कोटातच राहिलं.

फेब्रुवारीत एका रात्री
वरची पावलं वाजलीच नाहीत,
दहाची, न्हाणीघराकडे जाणारी.
पडल्या पडल्या वाट बघितली.
खोटं कशाला सांगू,
आधी आकडा आला मनात,
रंग, नवी फरशी, अठ्ठावीसशे,
त्या नंतर आल्या.
मग अनवाणीच जिन्याकडे धावलो
आणि अर्ध्यावर असताना
वर किटलीची शिट्टी वाजली.

एक तारखेला दाराखालून चेक आला,
निळ्या शाईतला, नेहमीचा.
सोबत चिठ्ठी:
रेडिएटर आता फारच तापतो.
खिडकी उघडी टाकून झोपते मी.