शेरा

रात्रीचे पावणेअकरा. सातपूरच्या कारखान्यांची
दुसरी पाळी सुटायला अवकाश आहे,
आणि यंत्र मला चौथ्यांदा सांगतंय
की हा मॅट्रिक्स उलटा होत नाही.
सिंग्युलर आहे, म्हणतं.
एकवचनी.

रामाच्या गावात हा शब्द
तक्रार म्हणून ऐकायला जरा जड जातं.

बारा स्तंभ, तीनशे अठ्ठेचाळीस ओळी.
तीन मळे, एकशे सोळा पहाटा.
पानावरचं दव, गिरणाऱ्याची आर्द्रता, मुंगसऱ्याची आर्द्रता,
किमान तापमान, आणि शेवटी एवढंच:
द्राक्षावर डाऊनी येणार का, आणि किती.
कासलीवाल सरांना सोमवारी आकडा हवाय.
चहा हवाय म्हणावं, तसा.

आधी नेहमीचे संशयित धरले.
१,२०४ मधला स्वल्पविराम, ज्याच्यापायी
अख्खा स्तंभ संख्या असून अक्षर होऊन बसला होता.
३/१२ म्हणजे तीन डिसेंबर की बारा मार्च.
एका 'गिरणारे'च्या शेपटाला मोकळी जागा,
मला दिसत नाही, यंत्राला मात्र दोन गावं दिसतात.
रिकाम्या चौकोनांत कोणीतरी भरलेली शून्यं.
शून्य म्हणजे 'नाही' की 'माहीत नाही',
हे शून्याला विचारून उपयोग नसतो.

सगळं निस्तरलं. निश्चयक तरी शून्यच.
दहावीला बोरस्ते बाई हा शब्द फळ्यावर
इतक्या ठाम हातानं लिहायच्या
की तो कधी शून्य होईल असं वाटलंच नव्हतं.

काल एक पळवाट काढली होती.
कर्णावर चिमूटभर आकडा टाकला, मिठासारखा,
आणि यंत्र मुकाट चालू लागलं.
उत्तर आलं, दशांशाच्या सहा घरांपर्यंत देखणं.
घरी गेले. झोप आली नाही.

आज प्रत्येक स्तंभ दुसऱ्याच्या शेजारी उभा करून पाहिला.
सातवा आणि नववा: एक.
पॉइंट नव्व्याण्णव नाही. एक.
एवढं मोजून मापून
दोन गावांवर दव पडत नाही.

दौलत गायखेंना फोन लावला. मागे मोटारीचा आवाज.
"रात्रीची लाईट आहे मॅडम, पाणी भरतोय, बोला.
मुंगसऱ्याचं यंत्र? ते तर पहिल्या दिवसापासून बंद.
ऑफिसातून म्हणले, रकाना रिकामा ठेवायचा नाही.
मग गिरणाऱ्याचं लिहीत गेलो.
पण शेऱ्यात टाकलंय ना मी."

शेऱ्यात.

माझ्या प्रोग्रामची तिसरी ओळ,
मीच लिहिलेली, ऑक्टोबरात, घाईत:
तेरावा स्तंभ वगळा, त्यात नुसती अक्षरं आहेत.

मूळ फाइल उघडली.

यंत्र बंद. कळवले.
यंत्र बंद. परत कळवले.
कुत्र्याने वायर खाल्ली असे वाटते.
आज धुके फार, पूल दिसला नाही. यंत्र बंद.
मळेवाल्याने घड दिला, घेतला नाही.
गिरणाऱ्याचा आकडा टाकला आहे, खरा धरू नये.
खरा धरू नये.
खरा धरू नये.
हे कोणी वाचते का.

नववा स्तंभ काढला. मॅट्रिक्स उलटला,
झोपेत कूस बदलावी तसा.
आकडा आला, पण त्याच्या दोन्ही अंगांना
केवढी तरी अनिश्चितता पसरलेली,
आवरायला गेलं तर खोटी होईल अशी.
तीच, तशीच, सोमवारी देणार आहे.
सर विचारतील, नक्की काय समजायचं.
तेव्हाचं तेव्हा.

तिसरी ओळ पुसली.
बाहेर पाळी सुटली, सायकली, मोटारसायकली,
कोणीतरी कोणालातरी हाक मारली.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा माझाच नियम.
तरी शेवटच्या शेऱ्यासमोर
एक शब्द टाकला:
वाचले.