आफियावी बसली की

पोर्तो-नोव्होत, वांदो बाजाराच्या मागे,
आंब्याखाली आमचं गॅरेज:
एक फळकूट, दोन खोकी, टांगलेल्या ट्यूबा,
आणि उस्ताद गांदोनू, ज्यांचा डावा डोळा
वेल्डिंगच्या ठिणगीनं अर्धा नेला होता.
मी चौदाचा. काम: पाने पुसणं, शिव्या खाणं.

कोम्लां आला तो भांडतच.
अंगात टॅक्सीवाल्यांचा पिवळा सदरा, पाठीवर नंबर,
आणि मागोमाग पायी, अर्धी टोपली डोक्यावर घेऊन, आफियावी.
"ह्याचा ब्रेकलाइट लागत नाही.
मागून मोटार आली ती थेट आदळली.
धुरी दिलेले माझे मासे गेले गटारात.
भरून कोण देणार, ह्याचा बाप?"

"लागतो," कोम्लां म्हणाला. "रोज रात्री
चुन्याच्या भिंतीकडे गाडीची पाठ करून बघतो मी.
लागतो."

उस्ताद बोलले नाहीत. पायडल दाबलं.
मी मागे उकिडवा, काचेपुढे हात धरून.
तळहात लाल.
पुढचा ब्रेक: लाल.
बारा वेळा दाबला, बारा वेळा लाल.
कोम्लांनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच साक्षीदार आणि मीच न्यायाधीश.
आफियावी नुसती थुंकली.

तरी उस्तादांनी काच उघडली.
बल्ब उन्हाला धरला: आत दोन तारा, केसाएवढ्या, शाबूत.
फ्यूज पाहिला. पायडलची स्प्रिंग ओढून पाहिली,
म्हातारीचा दात हलवून बघावा तशी.
अर्थिंगचा बोल्ट सोडला, खालची तांबडी माती
फुंकून, पुसून, पुन्हा आवळला.
(हरमातानचे दिवस. त्या वाऱ्यात
धूळ माणसाच्या बोलण्यातही शिरते.)
सगळं ठीक निघालं.
सगळं ठीक निघणं
ही ह्या धंद्यातली सगळ्यात वाईट बातमी.

"कुणीतरी खोटं बोलतंय," मी पुटपुटलो.
पान्याचा टोला बसला, हलका.
"तार खोटं बोलत नाही. तू तिला विचारलंस काय, ते आठव."
मग आफियावीकडे वळून:
"बाई, त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"
"कुठे म्हणजे? ह्याच्या मागे. गाडीवर."
"मग बसा."

ती बसली. नव्वद किलो, वर टोपली, वर राग.
शॉकअप कण्हले.
कोम्लांनं ब्रेक दाबला,
आणि माझा हात, ग्रीसनं काळा, काळाच राहिला.
"उतरा." लाल.
"बसा." काही नाही.
चौथ्यांदा चढताना तिला हसू आवरेना,
पाचव्यांदा बाजारातली पोरं जमली.

सीट उचलली. पत्रा आणि चेसिस यांच्या मधे
चेंगरलेली एक तपकिरी तार, वरून अखंड.
उस्तादांनी ती बोटांत वाकवली
तर मोडलेल्या करंगळीसारखी भलतीकडेच वळली.
आत तांबं कधीच तुटलं होतं.
दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून
एकट्या माणसापुरतं निभावून नेत होती.

डाग दिला, टेप गुंडाळली, तारेला नवी वाट दिली.
कोम्लां तिथेच उभा, सीट बगलेत.
"दिवसाला वीस माणसं," तो म्हणाला, कुणालाच नाही.
वीस माणसं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे अंधार.
घरी आल्यावर भिंत मात्र लाल.

माशांचे अर्धे पैसे त्यानं हप्त्यानं फेडले,
अर्ध्यांबद्दल वर्षभर गुरुवारी तिला फुकट नेलं.
मोटारवाल्याला कुणी शोधलंच नाही.
उस्तादांनी मजुरीत दोन मासे घेतले.
एकात वाळू होती.

आता फळकूट माझं आहे.
गिऱ्हाईक येतं, सांगतं, मी स्वतः तपासलाय, लागतो.
मी त्याला खोटं पाडत नाही.
थांबा म्हणतो,
आणि बाजाराकडून येणाऱ्या रस्त्यावर
कुणी चांगलं धट्टंकट्टं दिसतंय का, बघत राहतो.