खजिनदाराच्या खोलीत नऊ मुलं

आवारात सकाळपासून डांबर ओततायत,
म्हणून चुनाभट्टीच्या आमच्या सोसायटीतली
चौथी ते सहावीची नऊ मुलं
माझ्या ताब्यात.
म्हणजे ऑफिसच्या खोलीत, दहा बाय बारा,
त्यात लोखंडी कपाट, पंपाची जळकी मोटर,
मखराचा गुंडाळलेला थर्माकोल
आणि मी, मानद खजिनदार,
एप्रिलचा हिशेब घेऊन बसलेला.
एकशे बावीस रुपये कमी पडतायत.
कुठे, ते सापडत नाही.

"आवाज नकोय," मी म्हणालो.
"आवाज नसलेलाच खेळ आहे, काका," हेतल म्हणाली,
आणि बाद पावतीपुस्तकाची पानं
टरटरा फाडून तिने चिठ्ठ्या केल्या.
राजा हजार, प्रधान आठशे, शिपाई पाचशे,
चोराला भोपळा.
चौघं खेळणार, बाकीचे पाच
नुसते चेहरे वाचणार.

मुरुगनला सलग तिसऱ्यांदा चोर आला
आणि तिसऱ्यांदा त्याचे कान आधी लाल झाले.
शिपायाला डोकं चालवायची गरजच नव्हती.
"कानांवर रुमाल बांध रे," मेल्विनने सुचवलं.
पुढच्या डावात मुरुगन राजा होता,
खरोखरचा, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं,
तरी शिपायाने रुमाल बघून त्यालाच धरलं.

मग कानगोष्ट.
कपाटापासून दारापर्यंत भिंतीला टेकून रांग.
झैनबने पहिल्या कानात सोडलं:
तळपदे काकांच्या तळहातावर तीळ.
वाक्य सरकत गेलं, कुणाच्या हाताआडून,
कुणाच्या वेणीखालून,
कुणी गिळलं, कुणी चघळून पुढे दिलं,
आणि दाराशी ओजस, सगळ्यांत लहान,
उभा राहून परीक्षेत सांगावं तसं म्हणाला:
"तळपदे काकांनी टाळ तळून गिळला."

हसताना चिन्मयीला उचकी लागली,
उचकीसाठी पाणी आलं,
पाणी माझ्या वहीवर.
"आवाज नकोय," मी पुन्हा म्हणालो,
पण ओठ दाबून धरावे लागले.
तळपदेंची तीन महिन्यांची थकबाकी आहे.

त्यानंतर खोली एकदम गप्प झाली.
बरं वाटलं. मी खाली मान घालून बेरजेला लागलो.
टोपण दातांत धरलं.
डावा कान खाजवला.
चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.
बोटांवर हातचे मोजले, पुन्हा कान.

झैनबला मघाशी पॅसेजमध्ये पाठवलं होतं.
आता ती मध्ये उभी राहून गरगर फिरत होती,
एकेकाचे डोळे तपासत.
"पुढारी हेतल?" नाही.
"मेल्विन?" नाही.
"राजनंदिनी, खरं सांग हं."
नाही. तीनही अंदाज गेले.

तेव्हा मी मान वर केली.
आठ मुलं,
आठ बोटं डाव्या कानाशी,
आठ कपाळांवर नसलेले चष्मे.
पुढारी मी होतो.
मला न विचारता निवडलेला.
खजिनदारही असाच झालो होतो.

"मी एवढा कान खाजवतो?"
"बेरीज चुकली की," ओजस म्हणाला.
"बरोबर आली की पाय हलवता."
एकसष्ट वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं.
बायकोने एकदा सुरुवात केली होती,
मी पेपर वाचत होतो.

"आता राज्य तुमच्यावर, काका."
"मला कामं आहेत."
"एकच डाव."
मग मी पॅसेजमध्ये गेलो, मीटरच्या पेट्यांकडे तोंड करून
उभा राहिलो.
जिन्यातून डांबराचा वास वर येत होता.
"शंभरपर्यंत मोजू का?"
"मोजायचं नसतं हो, नुसतं थांबायचं!"

आत कुजबुज, कुणीतरी कुणाला दटावतंय,
पुढारी ठरत नाहीये बहुतेक.
एकशे बावीस रुपये वहीत तसेच.
मी डोळे मिटून थांबलो.
खाली बघितलं नाही, पण कळत होतं,
पाय हलतोय.