जादाचं

डॉक्टर तुंगारे म्हणाले, हे जादाचं आहे.
फिल्मवर बोट ठेवलं. घोट्याच्या आतल्या अंगाला, जरा खाली,
चिंचोक्याएवढा पांढुरका ठिपका.
बऱ्याच जणांना असतो म्हणे, जन्मभर कळतही नाही.
मला कळला. वाशीच्या चौकात रोज आठ तास,
खात्याच्या काळ्या बुटात,
अकरा वर्षं.

भानुदासला माझ्याआधी कळलं होतं.
स्टेशनबाहेर त्याची पेटी. बूट हातात फिरवून म्हणाला,
ताई, तुमच्या पायाला इथं कोपर आहे.
साच्यावर चामडं ठोकून ठोकून
डाव्या बुटाला एक फुगा काढून दिला.
वीस रुपये. त्यावर दोन वर्षं निघाली.

शेजारच्या हाडाचं नाव विचारलं.
नौकेसारखं दिसतं, म्हणून नावही नौकेवरून.
हे त्याच्या कडेला लागलेलं पिल्लू,
पायाची कमान धरणारी दोरी नेमकी यालाच बांधलेली,
पाऊल टाकलं की ओढते.
मला हसू आलं. मी दिवाळ्याची.
मोठ्या होडीला धाकटी बांधलेली असते,
भरतीला दोघी एकमेकींवर आपटत राहतात.
त्या आवाजात झोपूनच मोठी झाले.

सही करताना मात्र हात अडला.
जादा म्हणजे कुणाचं?
आईच्या पोटात मीच केलं असणार,
तिला न विचारता.

कमरेखाली बधिर. हिरव्या पडद्यापलीकडं
दुसऱ्याच कुणाचा पाय धुतात तशी चाहूल.
कुणीतरी सीवूड्सच्या फ्लॅटचा भाव विचारत होतं.
मग बारीक टकटक.
दोरी सोडवून मूळ हाडाला लावली,
आत अँकर टाकलाय, तुंगारे म्हणाले,
तो राहील तिथंच.

बाबांनी होडी विकून नऊ वर्षं झाली.
प्लास्टरला कान लावावा तसे वाकले.
नांगर धरला ना गो नीट?

सहा आठवडे तळवा जमिनीला लावायचा नाही.
उशीवर पाय, खिडकीत ओहोटी.
बाटलीत दिलेलं हाड मुलगी शाळेत घेऊन गेली,
हरवून आली, रडली.
मी रागावले नाही. म्हणजे रागावले,
पण हाडासाठी नाही.

तिसऱ्या महिन्यात ड्युटी.
तोच चौक, तेच बूट.
डाव्याला भानुदासचा फुगा अजून आहे.
दुपारी गाड्या थोपवून उभी असते तेव्हा
तिथं थोडी हवा खेळते.