एक स्क्रू उरला

क्लाक्स्विकच्या धक्क्याला बोट लागते
तेव्हा माझ्याकडे बारा दिवस असतात.
मग पुन्हा चाळीस दिवस बारेन्ट्स समुद्र,
कॉड, बर्फ, इंजिनरूम,
आणि ट्रोन्डुरच्या बंकखालचा माझा बंक.

यंदा मासा बरा लागला. वाट्याचे पैसे हातात होते
आणि डोक्यात एकच घोळ :
गेमिंग लॅपटॉप घ्यावा, की घरी डेस्कटॉप?

वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूला दोन रकाने आखले.
लॅपटॉप : चौदा हजार क्रोनर.
तीच ताकद टेबलावर उभी केली तर दहा.
लॅपटॉपचं ग्राफिक्स बोर्डालाच झाळलेलं,
एक म्हातारं झालं की सगळंच म्हातारं.
डेस्कटॉपचं एकेक अंग बदलता येतं,
आमच्या बोटीसारखं,
जिच्यात मूळचा आता फक्त भोंगा उरलाय.

पण डेस्कटॉप काही बोटीवर येत नाही.
लॅपटॉप म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड,
पाठीवर टाकलं की निघालो.
वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट,
त्यातले घरी जेमतेम ऐंशी.
दुकानातला पोरगा म्हणाला,
"मग प्रश्नच कुठे आहे? तुम्ही राहता तिथलं घ्या."

राहता तिथलं.
तो सहज बोलून गेला.
मी काहीच न घेता बाहेर आलो,
धक्क्यावर उभा राहिलो बराच वेळ.
वारा असा, की माझी सिगारेट तोच ओढत होता.

बोटीवरच्या लॅपटॉपचं मला ठाऊक आहे सगळं.
ट्रोन्डुरकडे आहे ना.
मांडीवर घेतला तर मांडी भाजते,
चार्जर काढला की तासाभरात मान टाकतो,
आणि पंखा असा किंचाळतो की एका रात्री
मी अर्धवट झोपेत इंजिनरूमकडे धावलो होतो, पाना घेऊन.
एकदा आडवी लाट आली तेव्हा
अख्खं राज्य जिंकत आलेला ट्रोन्डुर
मशीन छातीशी धरून वरून खाली आला.
बरगडी गेली, स्क्रीन वाचली.
त्याला त्याचं समाधान होतं.

पण ही सगळी कारणं मी मलाच सांगत होतो.
खरं कारण रकान्यात बसेना.
लॅपटॉप घेतला असता
तर कबूल केल्यासारखं झालं असतं
की मी तिकडे राहतो,
आणि इथे येतो.

बिर्ना अकरा वर्षांची. खोक्यांतून एकेक सुटा भाग काढून
तिने माझ्या हातात दिला,
ऑपरेशनला नर्स देते तसा, न बोलता.
प्रोसेसर बसवताना माझी बोटं थरथरली,
त्यांना अंगठ्याएवढे नट आवळायची सवय.
तिनेच बसवला.
रान्वाने सूप तीनदा गरम केलं,
टेबल काही मोकळं झालं नाही.
रात्री साडेअकराला मशीन सुरू झालं.
आवाजच नाही. मी कान लावून पाहिला.
टेबलावर एक स्क्रू उरला होता.
"तुझाच असेल, ढिला," रान्वा म्हणाली.

त्या बारा दिवसांत खेळायला मिळाल्या पाच संध्याकाळी.
त्यातल्या दोन छताची गळती काढण्यात गेल्या.

आता चौऱ्याहत्तर अंश उत्तर. पहाटेचे चार,
उजेड दुपारी होता तसाच.
वर ट्रोन्डुर खेळतोय, पंखा किंचाळतोय.
मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.
काल बिर्नाचा निरोप आला :
"बाबा, तुझी खुर्ची मी खाली केलीय.
आलास की वर करून घे."

जाकिटाच्या खिशात बोटांना स्क्रू लागतो.
कुठला असेल, आठवून बघतोय.
मदरबोर्डचा नसावा.
चालतंय म्हणे.