पोटभाडेकरू

खेतवाडीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत,
रॉकेलच्या डब्यात आमचा कढीपत्ता आहे.
त्यावरची अळी आठवडाभर खात होती,
बुधवारी थांबली.
मेली नव्हती. बोट लावलं
तर केशरी शिंगं काढून दाखवली, सवयीने.
गुरुवारी तिच्या कुशीला
तांदळाच्या कण्या चिकटलेल्या.
कोष. मोजले: एकतीस.

डहाणूकर सर म्हणायचे,
आधी झाड, मग झाडावरचं, मग त्यातलं.
मी अख्खी डहाळी लोणच्याच्या बरणीत घातली,
तोंडाला आईच्या वॉयलचा तुकडा बांधला.
एकोणतीस कोषांतून काळ्या माश्या निघाल्या
(गांधीलमाशीच्या गोतातल्या म्हणायच्या,
पण मुंगीच्या पाठीवर मावतील एवढ्या).
उरलेले दोन उशिरा उघडले.
त्यांतून हिरव्या,
फुटलेल्या बांगडीच्या चुऱ्यासारख्या.
म्हणजे काळीला आतून संपवून.

मराठीत याला नेमका शब्द नाही, असं सर म्हणायचे.
आहे की.
भाडेपावती कै. मोरेश्वर धुरंधर यांच्या नावे,
त्यांचे पोटभाडेकरू आमचे काका,
काकांचे आम्ही.
लघुवाद कोर्टात एकोणीस वर्षं
घरमालकाचा वकील तो शब्द उच्चारतो,
पोटावर जोर देऊन.

रात्री टेबलावर दिवा ओढून
हिरवीच्या मिशीचे पेरे मोजते.
श्वास धरून, नाहीतर नमुनाच उडायचा.
ओळखीची किल्ली पाचव्या जोडीला अडते:
पंखाची शीर टोकाशी जाड, किंवा जाड नाही.
जाड आहे. थोडीशी.
थोडीशीला किल्लीत जागा नाही.

चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहायचं:
मुंबई, खेतवाडी, कढीपत्ता,
संकलक हेमांगी राऊळ.
पुढचा रकाना, यजमान.
आई मागून वाचते. कुणाचे गं यजमान?
तिचे जाऊन बारा वर्षं झाली.
मी म्हणते, अळी, आई. लिंबाच्या फुलपाखराची.
पण ते अर्धंच खरं. हिरवीची यजमान काळी,
काळीची अळी,
रकाना एकच आहे
आणि तोही अर्धा इंच.

अळी अजून बरणीत आहे.
पानाला तोंड लावत नाही.
रिकाम्या कोषांवर वाकून बसलेली.
मी कुंचल्याचं टोक जवळ नेलं
तर मान झटकून अंगावर आली,
जणू तिचीच पोरं होती आत.